अंतरपाटाआडच्या मोटारी

"सूनबाई फार गरीब आहे हो. एक अक्षर बोलत नाही. खोली आपलीच समजा!"

हे दिघेकाका आमच्या बेडरूममध्ये बसून आपल्या मित्राला सांगत होते, आणि मी चहाचा ट्रे घेऊन दाराबाहेर उभी होते. लग्नाला जेमतेम दोन महिने झाले होते. आत गेले, चहा ठेवला, बाहेर आले. गप्प बसणाऱ्या माणसासमोर लोक काहीही बोलतात, काहीही करतात. आपण फक्त उभं राहायचं. किस्से धुळीसारखे आपोआप जमा होतात, पंखा बंद ठेवला तरी!

मंडळी तीन. माझा नवरा अविनाश, तळोज्याच्या एका कारखान्यात अकाउंट्सला. खालच्या मजल्यावरचे दिघेकाका, ड्रॉइंग ऑफिसातून रिटायर झालेले. आणि नाझीरभाई, त्यांचं पळस्प्याला मोटारी रंगवायचं गॅरेज. तिघांना वेड एकच, वीतभर लांबीच्या प्लास्टिकच्या मोटारींचं. नाझीरभाईंचे भाऊ मस्कतहून किट पाठवायचे. ते जोडायचं, रंगवायचं आणि वर एअरब्रशने क्लिअर, म्हणजे पारदर्शक वॉर्निश, मारायचा. हा क्लिअर दोन डब्यांतला. एकात क्लिअर, दुसऱ्यात तो घट्ट करणारा हार्डनर. मिसळून मारला की मोटार नुकती पाण्यातून काढल्यासारखी चमकते. पण ओल्यावर धुळीचा एक कण बसला की खेळ खलास. म्हणून घरातली सगळ्यात कमी धुळीची खोली हवी. म्हणजे आमची. खिडकी बंद, पंखा बंद, नाकाला ओला रुमाल.

वास असा की स्वयंपाकघरात माझे डोळे चुरचुरायचे. आत एअरब्रशला हवा देणारा कॉम्प्रेसर धडधडत असायचा आणि मी बाहेर या खुर्चीवरून त्या खुर्चीवर. तो थांबला की मी कान द्यायची. मग अविनाशचा खोकला यायचा. दर वेळी आधीपेक्षा थोडा लांब.

*

दाराच्या फटीतून धूळ येते म्हणून पडदा हवा होता. जाडसर, धागे न सोडणारा. अविनाशने कपाट उघडलं आणि आमच्या लग्नातला अंतरपाट काढून दाराला टांगला!

नेमके त्याच रविवारी माझे बाबा पेणहून आले. लेकीचं नवं घर बघायला, पहिल्यांदाच. सासूबाईंनी पाणी दिलं आणि पंखा लावायला हात नेला, तोच आतून तिघं ओरडले, "पंखा नको!"

बाबा घाम पुसत अंतरपाटावरच्या स्वस्तिकाकडे बघत राहिले. खालून सहा पाय दिसत होते. शेवटी मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "पोरी, हा अजून धरलेलाच आहे. लग्न नीट लागलंय ना?"

*

पनवेलच्या डासांना अंतरपाटाचं काय! लाल मोटारीवर शेवटचा हात मारून झाला आणि एक डास बॉनेटवर उतरला. दिघेकाकांनी श्वास रोखून चिमट्याने उचलला. डास आला, पाय राहिला. क्लिअर सुकला आणि पाय काचेत जडवल्यासारखा कायमचा बसला.

अविनाश दोन दिवस जेवला नाही म्हटलं तरी चालेल. नाझीरभाई मात्र शांत. पुढे ठाण्याला प्रदर्शनात एका गृहस्थांनी भिंग लावून विचारलं, "हे काय आहे हो?"

"एरियल," नाझीरभाई म्हणाले.

गृहस्थांनी पुन्हा भिंग लावलं. "वाकडं आहे."

"गाडी सेकंडहँड आहे, साहेब!"

*

एका शुक्रवारी अर्धा क्लिअर मारून झाला आणि लाइट गेली. कॉम्प्रेसर बंद. नाझीरभाई धावत जाऊन कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडून ट्रकची हवा भरलेली ट्यूब घेऊन आले. तिला नळी जोडली, एअरब्रश चालू! पण हवा कमी होत गेली तसा फवारा थुंकायला लागला.

"दाब हवा, दाब!" अविनाश रुमालातून ओरडला.

दिघेकाकांनी मागचापुढचा विचार न करता ट्यूबवर बैठक मारली. अंगापिंडाने भरलेला माणूस. फवारा लगेच सुधारला. नाझीरभाई म्हणाले, "काका, हलू नका. तुम्ही आता मशीन आहात!"

काका हळूहळू खाली चालले. आधी स्टुलाच्या उंचीवर, मग पाटाच्या, मग गुडघे थेट कानांपाशी. तेवढ्यात मेणबत्ती घेऊन सासूबाई आत आल्या. बराच वेळ बघून म्हणाल्या, "दिघेभावजी, चहा खालीच देऊ की आणखी खाली जायचंय?"

सगळे हसले. अविनाशला हसता आलं नाही. तो भिंतीला हात टेकून खोकत होता. दिघेकाका म्हणाले, "पाणी पी रे." तो प्यायला आणि पुन्हा फवारायला लागला.

*

ईदला आम्ही पळस्प्याला शीरखुर्मा प्यायला गेलो. नाझीरभाईंनी हौसेने गॅरेज दाखवलं. तीन बाजूंनी उघडी शेड, चौथ्या बाजूला वास बाहेर ओढणारा भलामोठा पंखा. आणि खिळ्याला टांगलेला एक मास्क, दोन्ही गालांना डबे असलेला.

"हा कोणाचा?" मी विचारलं. माझा आवाज ऐकून अविनाशसुद्धा वळला.

"माझाच, भाभी. याच्याशिवाय रंगाच्या गनला हात लावत नाय. या धंद्यात आमच्या उस्तादांची छाती गेली."

"मग आमच्याकडे का नाही आणत?"

नाझीरभाई एवढे लाजले की मलाच कसंतरी झालं.

"तौबा भाभी! दुसऱ्याच्या घरी जायचं, चहा प्यायचा, आणि तोंड बांधून बसायचं? बरं दिसतं का?"

*

मे महिना. काळी मोटार दुसऱ्या दिवशी मुंबईच्या प्रदर्शनाला जायची होती. संध्याकाळी अविनाश कामावरून आला तो जिन्यातच कठडा धरून उभा राहिला. मी वरून बघत होते. छातीतून येणारी शिट्टी मला वरपर्यंत ऐकू येत होती. मला पाहून हसला. म्हणाला, "बूट चावतायत."

तासाभराने तिघं आत. नाझीरभाईंनी क्लिअर पेल्यात ओतला, त्यात हार्डनर घातला, ढवळला. डब्यात तेवढाच उरला होता. "चला, जल्दी. मुद्दाम फास्ट हार्डनर आणलाय. या उकाड्यात पाऊण तास, मग पेल्यातच दगड!"

मी चहाचे कप न्यायला आत गेले होते. तिघं मोटारीवर वाकलेले. कप तिथेच राहिले, मी पेला उचलला आणि मोरीच्या कडेला जाऊन उभी राहिले.

"अगं, सांडेल ते!" अविनाश.

"भाभी, तो चहाचा नाय!" नाझीरभाई.

"सूनबाई, थट्टा पुरे," दिघेकाका.

सासूबाईंनी मोरीच्या वाटेतून पाट तेवढा बाजूला केला.

अविनाश पुढे यायला निघाला, खोकला लागला आणि दारातच थांबला. मी पेला दोन्ही हातांनी धरला.

"पाऊण तासात याचा दगड होणार," मी म्हणाले. "पळस्प्याची शेड वीस मिनिटांवर आहे, मास्क तिथे खिळ्यालाच आहे. फवारायला दहा मिनिटं. म्हणजे भांडायला पंधरा उरतात. करा सुरू!"