संक्रांतीनंतर ट्रॅक्टर आले नाहीत

दादा, मी गाव सोडलं त्या सकाळी तुम्ही लोकांनी मला शाळेच्या ओट्यावर शाल नि नारळ दिला. फाटकाबाहेर टेम्पोत माझं कपाट, गॅसची शेगडी, आईचं शिलाई मशीन. ओट्यावर संस्थेचे अध्यक्ष अण्णा माझ्या 'अमूल्य योगदाना'बद्दल बोलत होते. त्याच आठवड्यात त्यांनीच माझा राजीनामा मागितला होता. टाळ्या वाजवणाऱ्यांत तूही होतास. ते आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

का, ते तुला ठाऊक आहे. तुझ्या पोरांना नसेल, म्हणून लिहिते. छाटणीपासून द्राक्षं उतरेपर्यंत सुरगाण्याकडच्या मजुरांच्या टोळ्या आपल्या निफाडकडच्या बागांत राहायच्या आणि त्यांची पोरं दिवसभर वेलींखाली. मी मुख्याध्यापक झाल्यावर एकेका बागाईतदाराच्या दारात गेले. म्हटलं, तुमचा ट्रॅक्टर सकाळी गावात येतोच, ट्रॉलीत पोरं बसवून द्या, पुढचं मी बघते. तुम्ही तयार झालात. तेव्हा मला गावाचा केवढा अभिमान वाटला होता!

तिसरीचे सर आधी कुरकुरले. या पोरांना काय येणार, म्हणाले. मी त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर बसायला लागले. शाळा सुटली की चहा घेत आम्ही त्या दिवसाच्या तासाबद्दल बोलायचो. हळूहळू ते क्रेट नि द्राक्षाच्या घडांवर गुणाकार शिकवू लागले. टोळीतली मंजुळा तर फळ्याशी जायला सगळ्यांच्या आधी उठायची.

मग संक्रांत आली. शाळेत दरवर्षी आयांचं हळदी-कुंकू असायचं, तसं त्या वर्षीही ठेवलं. मी मंजुळाच्या आईला आणि टोळीतल्या बाकी बायकांनाही बोलावलं. त्या धुतलेली लुगडी नेसून आल्या आणि दाराशीच थबकल्या. मी त्यांना हाताला धरून सतरंजीवर बसवलं. सगळ्यांना दिलं तेच वाण त्यांना दिलं. अण्णांच्या बायकोनं आपलं वाण तिथंच ठेवलं नि उठून गेली. तिच्यामागे वहिनी उठली.

दुसऱ्या दिवशी तुझा ट्रॅक्टर आला नाही. आठवडाभरात सगळ्यांचेच बंद झाले. पोरं शाळेत बसलेली तुम्हाला चालत होती, कारण ते तुमचे उपकार होते. आया शेजारी बसल्या तेव्हा पोटात दुखलं! मंजुळा तरी पाटाच्या कडेनं चालत यायची. मग अण्णांनी फर्मान काढलं, हंगामी पोरं वर्गात नकोत. मी ऐकलं नाही, तेव्हा राजीनामा मागितला. आई म्हणाली, "गावात राहायचं तर चार गोष्टी गिळाव्या लागतात, बाई." आयुष्यभर तेच तर केलं होतं. हे मात्र घशाखाली उतरेना. राजीनामा फेकला नि निघाले.

इथं देवळाली कॅम्पात मी 'बाई'ची 'मॅडम' झाले. पोरं बहुतेक फौजींची. जानेवारीत बापाचं पोस्टिंग पठाणकोटहून इकडे झालं, की "ट्रान्सफर केस है, मॅडम" एवढं सांगतात, आणि पोरगं त्याच दिवशी वर्गात बसतं. बाकावरची पोरं सरकून जागा देतात. चांगलंच आहे ते. पण दरवर्षी पाहते आणि माझा जळफळाट होतो. मंजुळाच्या बापाचीही दर हंगामात बदलीच व्हायची की! अंगावर वर्दी नव्हती, एवढंच.

परवा तुझा फोन आला. शाळेची नवी इमारत झाली, उद्घाटनाला ये, आपल्या घरचीच शाळा आहे, म्हणालास. मी विचारलं, टोळीची पोरं बसतात का?

तू म्हणालास, "कशाला जुनं उकरतेस? ती पोरं काय, चार महिन्यांची पाहुणी."

जुनं कुठलं, दादा? पोरं आत्ता, या घटकेला, तुझ्याच बागेत आहेत. घरची शाळा आहे ना, मग बसव त्यांना. ज्या दिवशी बसवशील त्या दिवशी मी न बोलावता येईन. तोवर कुणी गाव विचारलं की मी देवळाली कॅम्प सांगते, आणि सांगताना दर वेळी मला तुझा राग येतो.