पडद्यावरचा सैनिक वऱ्हाडीत बोलला

अंगात येणं, उतारे, झपाटणं... असल्या गप्पा सुरू झाल्या की मी सरळ उठून जाते. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलंय. या सदरातले बरेच अनुभव वाचून मला हसूच येतं — राग मानू नका. पण एक गोष्ट माझ्याही पोटात आहे. ती आठवली की भीती नाही वाटत, किळस येते. अजूनही.

पन्नासच्या दशकाचा मधला काळ. आम्ही आसेगावचे, मंगरूळपीर तालुक्यातले. मी तेव्हा सोळा-सतरा वर्षांची. माझे मामा गंगाराम आमच्याच गावात राहत. महायुद्धात ते ब्रह्मदेशात होते, आणि गावातलाच दामोदर नावाचा जोडीदार त्यांच्यासोबत पलटणीत गेला होता. मामा परत आले. दामोदर नाही आला. मामा सांगायचे — माघार घेताना जंगलात दामूच्या पायाला गोळी लागली, मी त्याला पाठीवर वाहिलं, त्यानं माझ्या मांडीवर जीव सोडला. सांगताना गळा दाटून यायचा.

दामोदरची बायको कौसामावशी तर त्यांना देव मानायची. दर भाऊबीजेला ओवाळायची. शेतात पहिल्या तुरीच्या शेंगा आल्या की आधी मामांच्या घरी जायच्या. त्या वर्षी तिनं आपली एकुलती एक पोर मामांच्या मुलाला द्यायचं कबूल केलं. साक्षगंध झालं, म्हणजे साखरपुडा, आणि लग्नाची पातळं घ्यायला मामा, मावशी आणि मी मोटरनं कारंज्याला गेलो.

खरेदी लवकर आटोपली. मोटर संध्याकाळची होती. मामा म्हणाले, "चाला, पिक्चर पाहू. लढाईचा लागला म्हन्ते."

टॉकीज म्हणजे पत्र्याची मोठी शेड. दुपारचा खेळ. बायकांची बाकं एका बाजूला, लाकडी फळ्यांच्या आडोशाला, पुरुष पलीकडे. पिक्चरचं नाव आज मला आठवत नाही, आणि ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनाही नाही. हिंदी होता. दोन सैनिक शत्रूच्या कैदेतून निसटतात, जंगलातून पळतात, आणि त्यांतला एक दगाबाज निघतो... चांगला थरारक होता. मी अगदी रंगून गेले होते.

मग तो सीन आला. जखमी सैनिक झाडाला टेकून पडलाय आणि मित्र त्याच्या कमरेची पाण्याची बाटली सोडवतोय.

आधी वास आला. मेलेल्या ढोराचा वास मला माहीत होता. हा त्याहून वाईट. पावसात भिजलेलं फडकं, पू, आणि त्याखाली वळवळणारं काहीतरी — असा. मी पदर नाकाशी धरला. आणि पडद्यावरचा माणूस बोलला. हिंदीत नाही.

"गंग्या, बाटली कायले सोडून राह्यला बे? मी जित्ता आहो ना अजून."

थकलेला आवाज, पण शब्द न् शब्द स्पष्ट. गावात मामांना 'गंग्या' म्हणायची कुणाची टाप नव्हती. शेजारी कौसामावशीनं माझं मनगट गच्च पकडलं.

"त्यायचा आवाज आहे," ती म्हणाली.

तेवढ्यात फळ्यांच्या पलीकडून मामा ओरडले, "तुह्या पायात किडे पडले होते बे! तू काय चालनार होता? अर्ध्या बाटलीत दोघं जगलो असतो काय?"

सगळी टॉकीज हसली. "अबे, बस ना खाली!" कुणीतरी शिट्टी मारली. पिक्चर आपला चालूच. आवाज पुन्हा आला नाही. थोडा वेळ वाट पाहून मावशी उठली, तिच्यामागे मीही बाहेर आले.

मामा मात्र बसून राहिले. खेळ संपेपर्यंत! बाहेर आले ते भज्यांच्या गाडीवर थांबून, कागदात भजी घेऊनच.

"मधातच काहून उठल्या? शेवट चांगला होता."

"दादा," मावशी म्हणाली, "ते जिते होते?"

मला वाटलं, नाही म्हणतील. मामांनी इकडेतिकडे पाहिलं, तोंडातलं भजं गिळलं. "कोनं सांगतलं तुले?"

"त्यायनंच."

मामा जवळ सरकले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "एक-दोन रोजाचा सोबती होता तो. मी थांबलो असतो त मीबी गेलो असतो. मंग तुले सांगाले कोन आलं असतं? मांडीवर गेला म्हनलं, तुह्याच जिवाले बरं वाटावं म्हून." तेलकट बोटं त्यांनी धोतराला पुसली आणि कागद आमच्यापुढे धरला. "घ्या, गरम आहेत."

मला तिथंच रस्त्यावर ओकारी झाली. टॉकीजमधला वास मी सहन केला होता. तो पुढे केलेला कागद नाही सहन झाला.

मावशीनं त्यांच्या काखेतलं पातळांचं गाठोडं ओढून घेतलं. "पोरगी देत नाई मी."

"साक्षगंध झालं, कौसे. लोक काय म्हन्तीन?"

"लोकायले तुमी सांगा. तुमाले सांगता चांगलं येते."

परतीच्या मोटरीत मामा झोपले. घोरत होते.

गावानं नावं ठेवली ती मावशीलाच. मामांनी सांगितलं, नवऱ्याच्या आठवणीनं बाईचं डोकं फिरलं, आणि लोकांनी ते ऐकलं. मी आईला सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "लढाईत असंच असते, बाई," आणि भावाचं ताट वाढत राहिली. मी त्या पंगतीत पुन्हा बसले नाही. मामा खूप जगले. पंधरा ऑगस्टला शाळेत त्यांना हार घालायचे, मुलांपुढे भाषण असायचं — तीच पाठ, तीच मांडी, तोच दाटलेला गळा. मला उठून बाहेर जावं लागायचं.

आता विज्ञानाचं म्हणाल तर... त्याच आठवड्यात माझा भाऊ कारंज्याला गेला होता. त्याला मी मुद्दाम तो पिक्चर पाहायला लावला. म्हणाला, "त्या सीनमधी कोनीच बोलत नाई. नुसता बाजा वाजते. जखमी मानूस त बेशुद्ध असते." मग आम्ही काय ऐकलं? मामा तरी कुणाला उत्तर देत होते? आणि बाकी टॉकीजला फक्त मामांचंच ओरडणं कसं ऐकू आलं? पुष्कळ डोकं चालवलं.

बऱ्याच वर्षांनी कौसामावशीला भेटले. पोर मंगरूळपीरला चांगल्या घरी पडली होती, नातवंडं होती. मी विचारलं, "मावशी, तो वास आठवतो?"

"वास? मले नाई आला वास." ती म्हणाली. "इतक्या वर्षानं त्यायचा आवाज आयकू आला, बाई. अजून काही बोलले असते ते. तुह्या मामानंच मधात तोंड घातलं."