गोठ्यातले पाहुणे

घरांचे नकाशे काढून परवानग्या मिळवून देण्याचा धंदा रत्नागिरीत केला, की पैसा साठतो की नाही ठाऊक नाही, किस्से मात्र साठतात. आणि त्यातले निम्मे एकट्या सुलूकाकी नि दत्ताकाकांचे!

काकांची सगळी नोकरी मुंबईत. गावी यायचे ते गणपतीला, शिमग्याला, रजा टाकून. रिटायर होऊन कायमचे आले आणि आठवड्यात काकीचे मसाल्याचे डबे नव्या क्रमाने लावले. काकी तडक माझ्या ऑफिसात. "ह्यांच्यासाठी आंब्याच्या कलमांत एक खोली काढून द्या. रजेपुरता मानूस बरा व्हता."

* * *

ग्रामसेवक म्हणाले, जमीन शेतीची. घर बांधायचं तर मोठी परवानगी हवी, गोठा चालेल. बागेतली खोली हा प्रकारच आमच्याकडे नाही.

मी काकीकडे बघितलं. काकी शांतपणे म्हणाली, "मग गोठा लिवा."

* * *

काकीने ग्रामदेवतेलाही कौल लावला. पहिल्याच फटक्यात उजवा, म्हणजे होकार! काका जरा दुखावले.

"नकाशा न बघताच?"

* * *

मग काकांच्या शेजारच्या चुलतभावाची हरकत आली. गोठ्याचा वास त्याच्या अंगणात येईल म्हणे. सुनावणीला काका स्वतः उभे राहिले.

"साहेब, मी दोन वेळा अंघोळ करतो."

मी सदरा धरून त्यांना खाली बसवलं. हरकत कशीबशी फेटाळली गेली.

* * *

गोठा झाला. जांभ्याच्या भिंती, खिडकीला जाळी, आत पंखा, टीव्ही नि खाट. काका खूश, काकीचे डबे जागच्या जागी. आणि मग एक दिवस तपासणीला साहेब आले. मीही धावत पोचलो. नकाशावर सही माझी होती ना!

साहेबांनी टीव्हीकडे बोट दाखवलं. "हा कोणाला?"

"पावसात गुरां कंटाळतात," काकी म्हणाली.

"गुरं कुठायत?"

"चरायला."

साहेब काही कच्चे नव्हते. खाटेवर काका लुंगी लावून बसलेले त्यांना दिसत होतेच. "हे बघा काकी, इथे माणूस राहत असेल तर हे पाडावं लागेल. स्पष्ट सांगा, हे इथे राहतात?"

काका काकीकडे बघतायत, मी जमिनीकडे. खरं सांगितलं तर खोली जाणार, आणि खोली गेली तर काकांनी जायचं कुठे, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

"राहात नाय," काकी शेवटी म्हणाली. "पाव्हणे हायत. मुंबैचे. रजेवर आलेत."

साहेबांनी मान डोलावली. कागद आवरता आवरता काकांना सहज विचारलं, "मग, किती दिवसांची रजा?"

काकांनी काकीकडे पाहिलं.

"वाढवून मागितलीय," ते म्हणाले. "अजून मंजूर व्हायचीय."