मुंडावळ्यांची गाठ

माझं काम मला आवडतं, कारण त्यात माणसं कमी लागतात. तेलगावात माझं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरची, बोअरवरची जळालेली मोटार लोक आणून टाकतात. मी तिच्यातली जुनी तार काढतो, नवी भरतो, दोऱ्यानं आवळून गाठी मारतो. मोटार काही विचारत नाही. गिऱ्हाईक विचारतं, पण त्याला ‘परवा या’ एवढं पुरतं.

चारचौघांची भीती मला लहानपणापासूनची. पंगतीत जेवायला बसवलं तरी अर्ध्या ताटावरून उठून पळायचो. लाजाळू आहे, लग्न झालं की सुधारेल, असं सगळे म्हणायचे. लग्न झालं, लेकरं झाली, भीती मात्र जागची हलली नाही. भाचीच्या साखरपुड्यात तर त्या भीतीनं कहरच केला.

माझी थोरली बहीण, आक्का, बीडजवळच्या पालीला दिलेली. आमच्याकडं कुठलंही कार्य असो, माईकवरून नावं पुकारून टोपी-टॉवेल दिल्याशिवाय कुणाचं समाधान होत नाही. नवरीच्या मामाला पुकारलं. मी उठलो, मंडपाच्या मध्यापर्यंत गेलो आणि छातीवर कुणीतरी बसलं. बोटांना मुंग्या, तोंडाला कोरड, कानात नुसती घरघर. आपण मरतोय याबद्दल मला शंकाच उरली नाही. मी मटकन खाली बसलो, आणि सगळा मंडप मदतीला धावला. एकानं कांदा फोडून नाकाला लावला, दुसऱ्यानं चप्पल. बाकीचे टॉवेलनं वारा घालत होते, पण असे दाटीनं उभे होते की वारा आत यायला फटच नव्हती. ज्याला माणसांचीच धडकी भरते त्याच्यावर माणसांचाच इलाज. आज हसू येतं. कुणाच्याही मनात माझ्याबद्दल मायेशिवाय काही नव्हतं, हेही आज कळतं.

जीपमध्ये घालून बीडला नेलं. हृदय ठणठणीत निघालं. तिथून मनाच्या डॉक्टरीणबाईंकडं पाठवलं. याला पॅनिक अटॅक म्हणतात, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मला वेड लागलेलं नाही आणि यानं मी मरणारही नाही, हे ऐकून मी त्यांच्यासमोर लहान पोरासारखा रडलो. येतं तसं ओसरतं, पण दर वेळी पळालात तर ते मागं लागेल, असं त्यांचं म्हणणं. गोळ्या दिल्या, श्वास सावकाश सोडायला शिकवलं, थोडं थोडं लोकांत जायला सांगितलं. मी गोळ्या घेतल्या, श्वास सोडला, आणि लोकांत जायचं तेवढं टाळलं.

अशात लग्नाची तारीख धरली. नवरीला मंडपात मामानं आणायचं आणि मंगलाष्टका संपेपर्यंत तिच्या मागं उभं राहायचं, ही रीत. समोर अख्खं गाव. मी आक्काला सांगून टाकलं की चुलतभावाला उभं कर. ती ज्वारी पाखडत राहिली. सख्खा मामा धडधाकट असताना चुलत मामा उभा राहिला तर पोरीच्या सासरचे काय म्हणतील, हे ती बोलली नाही म्हणूनच मला जास्त लागलं.

बोलली ती भाची. बारावीपर्यंत ती माझ्याच घरी राहून शिकली. संध्याकाळी दुकानात माझ्यासमोर बसून अभ्यास करायची.

“मामा, मला दुसरं कुनी नगं. समदे मलाच बघनार हायेत, तुमाला कोन बघतंय? तुमी फकस्त माझ्या मुंडावळ्याच्या गाठीकडं बघा. आन् लईच झालं तर जावा निघून. मी काय बी म्हननार न्हाई.”

निघून जायची परवानगी मला आजवर कुणी दिली नव्हती. त्या परवानगीच्या जोरावर मी गेलो.

माईकवरून मामाला हाक आली. पोरीला हाताला धरून आणलं, पाटावर उभं केलं, तिच्या मागं उभा राहिलो. पहिलं मंगलाष्टक सुरू झालं, अक्षता पडायला लागल्या, आणि आलंच ते. छाती आवळली, बोटं बधिर झाली. जनरेटरच्या बाजूनं बाहेर जायची वाट मी आधीच हेरून ठेवली होती. पाय तिकडं वळणार, तेवढ्यात समोर मुंडावळ्यांची गाठ सुटताना दिसली. दोरा सरकत होता. आणखी थोडा सरकला असता तर भर मंगलाष्टकात मुंडावळ्या पोरीच्या नाकावर आल्या असत्या.

मी दोन्ही टोकं धरली. दोरा बोटांत आला आणि बोटांना आपलं काम आठवलं. तिच्या केसांत अडकलेल्या अक्षता बाजूला केल्या, दोरा ओढून घेतला, मोटारीत मारतो तशी दुहेरी गाठ मारली. पुन्हा ओढून पाहिली. या भानगडीत छाती कधी मोकळी झाली ते मला कळलंच नाही. भटजी थांबले, बाजा वाजला, आणि मी होतो तिथंच उभा होतो. आक्का समोरून माझ्याकडं बघून पदरानं डोळे पुसत होती.

नवरी वाटे लावायची, पाठवणीची वेळ झाली. पोरगी सगळ्यांच्या गळ्यात पडून रडत माझ्याजवळ आली. मी तिला गाठीचं सांगायला लागलो, की कुणी बांधली होती देव जाणे, पार ढिली होती. रडता रडता ती हसली.

“मीच ढिली बांधाया लावलती, मामा. हाताला काम आसलं की तुमी भेत न्हाई. मला ठावं हाय.”

मला अजूनही अटॅक येतात. येतात आणि जातात. डॉक्टरीणबाईंकडं जातो, थोडाफार लोकांतही जातो. त्यांचे उपकार आहेतच.

पण त्या दिवशीचं सांगतो. आमच्याकडं मामा भाचीच्या पाया पडतो. तीही रीतच. तिच्या बारशापासून मी कितीदा तरी तिच्या पायांना हात लावला असेल, उरकल्यासारखा. त्या दिवशी सगळ्या गावादेखत वाकलो तो लवकर उठलोच नाही.