लाईन आली

आमच्या स्टाफरूममध्ये चार खुर्च्या आणि एक पंखा आहे. किस्से मात्र ठेवायला जागा नाही. एक सांगून संपवावा, तर मधल्या सुट्टीत दुसरा तयार असतो. म्हणून आज एकाच शब्दाचे तेवढे सांगतो. शब्द इंग्रजी आहे, पण चिखलीत त्याला कोणी इंग्रजी समजत नाही. लाईन.

खुर्च्यांवर बसणारे आम्ही चौघं. हेडसर, इतिहासाचे इंगळे सर, गणिताच्या गवई मॅडम आणि इंग्रजीचा मी. गवई मॅडमचे मिस्टर वीज खात्यात लाईनमन आहेत.

*

आठवीच्या वर्गात मी हा शब्द फळ्यावर लिहून अर्थ विचारले. एक म्हणाला, "वीज." दुसरा म्हणाला, "रांग." एक मुलगी म्हणाली, "माह्या मामाचं घर. पोलीस लाईन."

मागच्या बाकावरून चौथा अर्थ येऊ घातला होता. तो मला नुसत्या हसण्यावरून कळला. मी तास संपवला. घंटेला अजून बराच वेळ होता.

*

साखरखेर्ड्याहून एक गृहस्थ मुलाला घेऊन प्रवेशासाठी आले. हेडसरांना म्हणाले, "सर, याले फक्त लाईनले लावून द्या. बाकी आमाले काई नाई पाह्यजे."

हेडसरांनी मुलाला नीट न्याहाळलं. म्हणाले, "प्रार्थनेच्या लाईनीत उभा करतो. पुढचा शब्द देत नाही."

"तेवढंबी घरी कुठी होते, सर," गृहस्थ म्हणाले.

*

इंगळे सर मुलगी बघायला वडनेर भोलजीला गेले. सोबत मी. मुलीच्या काकांनी विचारलं, "पोरगा कोनत्या लाईनमदी हाय?"

मी म्हणालो, "शिक्षण."

"परमनंट हाय ना?"

इंगळे सर स्वभावाने खरं बोलणारे. म्हणाले, "त्याच्या लाईनीत आहे."

चहा आला. पोहे आले नाहीत.

*

मग मी डिक्शनरी उघडली. हा शब्द मुळात लॅटिन, आणि त्याचं मूळ चक्क जवसात! जवसाच्या झाडाचा धागा काढायचे, तो ताणून धरला की झाली सरळ रेघ. पुढे रेघेची रांग झाली, रांगेची तार झाली. मी हे डब्याच्या वेळी मोठ्या उत्साहाने सांगितलं. हेडसर तेव्हा गवई मॅडमच्या डब्यातली जवसाची चटणी पोळीला लावत होते. त्यांनी घास खाली ठेवला नाही.

"म्हणजे मी आता लाईन खाऊन राह्यलो काय?"

गवई मॅडम म्हणाल्या, "तिले जवसच म्हना, सर. तो दुसरा शब्द डब्यात नोको."

कोणी हसलं नाही. कारण आम्हाला माहीत होतं.

लाईन गेली की आपण पंख्याकडे बघतो. मॅडम फोनकडे बघतात. दुरुस्तीला खांबावर चढण्याआधी सबस्टेशनमधून लाईन बंद करून घ्यायची, काम झालं की खाली उतरून कळवायचं, मगच ती सुरू करायची, असा नियम आहे. पण नियम माणसांच्या हातात असतो. म्हणून लाईन आली रे आली की मॅडम मिस्टरांना फोन लावतात आणि एकच विचारतात, "उतरले काय खाली?" तिकडून हो आलं की डबा उघडतात.

*

परवा एप्रिलच्या भर दुपारी वावधन सुटलं. वाऱ्याने पत्रे वाजले, लाईन गेली. आम्ही घामाने निथळत बसलो. बऱ्याच वेळाने पंखा फिरला. इंगळे सर म्हणाले, "आली."

मॅडमनी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला. मॅडमनी डब्याचं झाकण दोन्ही हातांनी दाबून धरलं.

हेडसर उठले आणि त्यांनी पंख्याचं बटण बंद केलं. काऊन बंद केला, असं कोणी विचारलं नाही. घंटा झाली, वर्गावर कोणी गेलं नाही. चौघं तशाच उकाड्यात बसून राहिलो.

मग फोन आला. खोली इतकी शांत होती की तिकडचा आवाज आम्हालाही ऐकू आला.

"अवं, उतरलो ना मंगाशीच. मोबाईल गाडीत होता. तुमच्या शाळेत आली ना लाईन?"

मॅडमनी मान वर करून थांबलेल्या पंख्याकडे बघितलं.

हेडसरांनी बटण दाबलं.

"आली," मॅडम म्हणाल्या.