दादाचा श्वास, बसून आणि आडवा

इस्पितळातल्या विभागाच्या दारावर उद्घाटनाची संगमरवरी पाटी होती. मंत्र्यांचं नाव ठसठशीत, आजारांची नावं बारीक. माझ्या मोठ्या भावाचा आजार त्यांत नव्हताच. स्नायू हळूहळू निकामी करणारा हा विकार इतक्या थोड्यांना होतो की पाटीवर जागा मिळवण्याइतका त्याचा वशिला नसावा. दादा म्हणायचा, "त्याचां नाव घेतानाच माझो दम जाता."

डिचोलीत तो वर्षानुवर्षं खनिजाचा ट्रक चालवत होता. त्यामुळे धाप लागू लागली तेव्हा आम्ही सगळ्यांनी, डॉक्टर नसल्याच्या आत्मविश्वासाने, खाणीच्या धुळीवर खापर फोडलं. खुर्चीतून उठताना तो मांड्यांवर हात टेकू लागला, तेव्हा कुठे खऱ्या तपासण्या झाल्या. आता दर सहा महिन्यांनी मोजमाप असतं: सहा मिनिटांत किती चालतो, पायऱ्या किती चढतो, श्वास किती. या वेळी श्वास आडवं झोपवूनही मोजणार होते. बसून आलेल्यापेक्षा तो आकडा फार उतरला तर छातीखालचा पडदा दुबळा झाला असं समजायचं, आणि मग श्वासाच्या मशीनशिवाय झोपणं धोक्याचं. पेडण्याहून येताना गाडीत मी तेवढं एकच वाक्य मनात घोळवत होतो.

चालणं मागच्यापेक्षा कमी भरलं. मग तपासणाऱ्या मुलीने त्याच्या नाकाला चिमटा लावला, तोंडात नळी दिली.

"आजोबा, पूर्ण श्वास घ्या आणि एकदम सोडा."

"आजोबा कोणाक म्हणतंस गो?"

आकडा फारच कमी आला. दुसऱ्यांदाही. "जोरच लावत नाही तुम्ही," ती म्हणाली. तिसऱ्या वेळी मी त्याचे फुगलेले गाल पाहिले आणि उलगडा झाला. पार्सेच्या देवळात आरतीला शंख दादाच फुंकतो. सगळा श्वास एकदम सोडला तर शंख लगेच गप्प होतो. तो पुरवून वापरायचा असतो. इथेही तो पुरवत होता.

"दादा, शंख नको फुंकूस. ओल्या लाकडांची चूल पेटव."

"मगे आधी सांगूक नको?"

आकडा चढला, जवळजवळ मागच्याएवढा. आम्ही तिघेही हसलो. मी तर इतका खूश झालो की कमी चालण्याचा दोषही त्याच्या नव्या चपलांना देऊन टाकला.

"आता आडवे व्हा."

दादाचा चेहरा उतरला. "बसानच घे गो बाय."

"झोपूनच घ्यावं लागतं."

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "गणपतीच्या चवथीपासून मी आडवो पडाक नाय. आरामखुर्चीत निजतंय. तुज्या वहिनीक म्हटलां, तुका सांगू नको."

सकाळी जीवनमानाच्या प्रश्नावलीत त्याने झोपेपुढे 'उत्तम'वर खूण केली होती. पेन मीच दिलं होतं.

तो आडवा झाला. श्वास घेताना पोट वर यायला हवं. त्याचं आत जात होतं. त्याने माझं मनगट घट्ट धरलं आणि सगळा जोर लावून फुंकलं. पडद्यावरची रेघ थोडी वर गेली आणि बसली. मुलीने त्याला लगेच उठवून बसवलं. आकडा बसून आलेल्याच्या निम्माही नव्हता. मी कारण शोधू लागलो. या वेळी सापडलं नाही.

डॉक्टरांनी त्याच दिवशी मशीन द्यायला लावलं, मुखवटा कसा बांधायचा ते दाखवलं. "आजपासूनच," ते म्हणाले. त्यांचा आवाज फार मऊ होता. मला त्यांनी रागावलेलं चाललं असतं.

परतताना खोका मागच्या सीटवर होता आणि दादा माझ्या शेजारी. चोपड्याच्या पुलावर त्याचा डोळा लागला. मागच्या ट्रकने जोरात हॉर्न दिला. दादा हलला नाही. मी पूल ओलांडताच गाडी कडेला घेतली आणि त्याच्या खांद्याला हात लावला.

"कितें रे?" डोळे न उघडता तो म्हणाला.

"काय नाय. चोपडां इलां."