दुसऱ्याच्या ओट्यापुढचा फोटो

शिवणकाम करून तिचं गावात छान चाललं होतं. जवळच्या कपड्यांच्या कारखान्यातून बोलावणंही आलं होतं. पण तिथं ओळखीचं कोणी नव्हतं, मग विचारणार कोणाला? शहरातून मात्र थोरल्या दिरांचा फोटो आला. स्वयंपाकघरातला चकचकीत ओटा, भिंतभर कपाटं आणि मधे दीर हसतायत. झालं! मशीन विकून नवराबायको निघाले.

येऊन बघतात तर काय! दीर फरशी बसवणारे. काम संपलं की मालक राहायला यायच्या आत हे लोक फोटो काढून ठेवतात, पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवायला. त्यातलाच एक घरी धाडलेला. स्वतः राहायचे जिन्याखाली, ताठ उभं राहिलं की डोकं आपटायचं. "माझं घर आहे असं मी कुठं म्हणालो?" वर तोंड करून म्हणाले. म्हणाले नव्हते, खरंच! पण "नाही" म्हणायलाही मेल्यांची जीभ कधी वळली नाही. आता तिचा नवराही त्यांच्याच हाताखाली फरशी घासतो.

आणि आज तिच्या धाकट्या बहिणीचा व्हिडिओ कॉल. "ताई, माझ्या मशीनला गिऱ्हाईक येतंय. देऊन टाकते. आम्ही पण येतो तिकडं."

नवरा खुणा करायला लागला, चांगलं आहे म्हण. "लोकांत हसं होईल आपलं," तो पुटपुटला.

"होऊ दे! तुमच्या अब्रूपायी तिच्या पोटावर पाय देऊ?" ती कडाडली आणि तिनं फोनचा कॅमेरा फिरवला. पोपडे सुटलेली भिंत, मोरीला खेटून स्टोव्ह, डोक्यावर ओले कपडे. "बघ डोळे भरून. मशीन विकू नकोस, हात जोडते."

पलीकडं बहीण फणकारली.

"अडगळीची खोली दाखवतेस होय गं ताई? तुझा ओटा बघितलाय आम्ही."

"कुठला ओटा?"

"दाजींनी त्याच्यापुढं उभं राहून फोटो पाठवला ना! आम्ही यायला नको असू तर सरळ सांगायचं." फोन कट.

तिनं नवऱ्याकडं पाहिलं. तो नखातलं सिमेंट कोरत बसला होता.

"तुम्ही पण?" तिच्या अंगाची लाही लाही झाली. तिनं फोन त्याच्या हातात कोंबला. "लावा. आणि स्वतःच्या तोंडानं सांगा तिला, तो ओटा कोणाचा ते!"

त्यानं लावला. रिंग वाजत राहिली. त्यानं परत लावला. बहीण उचलेना.